खालची दोन बकलं

“सव्वीस पूर्णांक पाच,” काउंटरमागची बाई म्हणाली आणि पद्माकरच्या मोज्याखालची मापाची पट्टी तिने सर्रकन ओढून घेतली. तोपर्यंत सकाळ ठीक चालली होती. मोठा झाल्यापासून, आता सत्तेचाळिशीपर्यंत, पद्माकरने त्रेचाळीस नंबरच्या खाली जोडा घातला नव्हता, आणि तसं त्याने बाईला आल्या आल्या सांगितलंही होतं. स्कीचे बूट नंबरावर नाही, पावलाच्या सेंटिमीटरवर देतात, असं तिने समजावलं, मोजलं, आणि आता ती जे सांगत होती त्याचा सरळ अर्थ एवढाच होता की त्याचा पाय तो समजत होता त्यापेक्षा लहान आहे. चांगला दीड नंबर लहान. दुकानात ओल्या लोकरीचा आणि रबराचा वास कोंडला होता. फाशिंगची, म्हणजे कार्निव्हलची, सुट्टी असल्याने सगळं न्युरेम्बर्ग आल्प्सच्या या एका खोऱ्यात उतरल्यासारखी गर्दी होती, मागे रांगेत सात जण, आणि सातही जणांनी तो आकडा ऐकला असणार. त्याची मुलगी शमिका हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त आईकडे पाहिलं, आणि आईने खांदे किंचित वर केले. पद्माकरने ते टिपलं. “अठ्ठावीस द्या,” तो म्हणाला. बाईने सांगितलं, टाच उचलली जाईल. “अठ्ठावीस,” तो पुन्हा म्हणाला. “तुमची मर्जी,” बाई म्हणाली, त्या खास जर्मन सभ्यतेने, जी तुमची चूक तुमच्याच हातात नीट घडी घालून ठेवते.

लहानपणी इचलकरंजीत चपलांच्या दुकानात त्याची आई पुढ्यात बसायची आणि बुटाच्या टोकावर अंगठा दाबून म्हणायची, “दोन बोटं मोठा दाखवा, पुढच्या वर्षीही चालला पाहिजे.” टोकात कापूस भरला जायचा. वर्षभराने पाय वाढून कापूस काढायची वेळ यायची तेव्हा तळ फाटलेला असायचा, की पुन्हा नवा जोड, पुन्हा दोन बोटं, पुन्हा कापूस. म्हणजे बेतात बसणारा जोडा त्याच्या पायाला कधी लागलाच नाही. पुढे पगार आला, जर्मनी आली, चामडी बूट आले, आई गेली, तरी दुकानात त्याचा अंगठा आपोआप टोकाकडे जायचा आणि तिथे मोकळी जागा लागली नाही तर त्याला फसवल्यासारखं वाटायचं. त्याने अठ्ठावीसचे बूट उचलले. एकेक बूट तान्ह्या मुलाएवढा जड. मोकळी जागा भरून काढायला त्याच्याकडे तोड होतीच: सुती मोज्यांवर लोकरीचे जाड मोजे, आणि वर बकलं. बकलं कशासाठी असतात? घट्ट करण्यासाठी. घट्ट करण्याबद्दल पद्माकरला कुणी काही शिकवावं अशी परिस्थिती नव्हती. कंपनीत गेली चौदा वर्षं तो हेच करत होता, कोणता बोल्ट किती जोराने आवळायचा ते ठरवणं. त्याच्या आकड्यांवर गाड्या धावत होत्या. जगात जे काही मोडतं ते कुणीतरी कुठेतरी काहीतरी ढिलं ठेवल्यामुळे मोडतं, असं त्याचं साधं मत होतं, आणि ते त्याने फक्त बोल्टांपुरतं ठेवलेलं नव्हतं.

सौदा गाडीतच झाला होता. शमिका तेराची. आठव्या वर्षी शाळेच्या सहलीत ती स्की शिकली, दहाव्या वर्षी क्लबात गेली, आणि आता डोंगरातल्या एका क्रीडाशाळेने तिला जागा देऊ केली होती. राहणं, शिकणं, स्की करणं सगळं तिथेच. घर महिन्यातून एकदा. फॉर्मवर आई-बाप दोघांच्या सह्या लागत होत्या. विभावरीची सही झाली होती. शाळेला आज संध्याकाळी पाचपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला जाणार होती. पद्माकरने तीन आठवडे नाही म्हटलं नव्हतं. नुसती सही केली नव्हती. शेवटी विभावरीनेच, चालत्या गाडीत, मागे वळून मुलीला सांगितलं, “आज बाबाला वरून खाली आणायचं. निळ्या, सोप्या उतारावरून, एकदाच. त्याला टाकून पुढे पळायचं नाही. एवढं जमलं तर मी समजेन की तू तिथे एकटी राहू शकशील.” मग नवऱ्याकडे न बघता, “आणि तू सही करशील.” “तिने आणलं तर करीन,” तो म्हणाला होता. अगदी सहज म्हणाला होता, कारण शमिका त्याच्यासाठी दहा मिनिटं थांबणार नाही याची त्याला खात्री होती. पोरगी सुपरमार्केटमध्ये त्याच्या चार पावलं पुढे चालायची. ऑफिसच्या उन्हाळी मेळाव्यात त्याने तिची ओळख करून दिली तेव्हा ती ‘हालो’ म्हणून फोनमध्ये गेली. ‘बाबा’ हा शब्द तिने सहाव्या वर्षी टाकला आणि ‘पापा’ उचलला. गेल्या वर्षी कोलोनचा हृषिकेश दिवाळीच्या फराळाला आला, गप्पांत म्हणाला, “पद्माकर, तुझी मुलगी तर पक्की बव्हेरियन झाली रे!”, आणि ती चकली मोडत, अभिमानाने, “गेनाऊ!”, अगदी बरोबर, म्हणाली. माणसांची नावं पद्माकर विसरायचा, प्रसंग विसरायचा नाही. विभावरी म्हणायची, “तुला सगळं पाठ असतं, फक्त चांगलं काही झालेलं नसतं.” तिला तो विनोद वाटायचा.

बाकावर बसून त्याने बूट चढवले. प्रत्येक बुटाला चार बकलं, दोन पावलावर, दोन नडगीवर, आणि सगळ्यांत वर चिकटपट्टी. बकल म्हणजे एक तरफ, तिची तार दातेरी पट्टीच्या हव्या त्या खाचेत अडकवायची आणि तरफ मिटायची; आणखी बारीक फरक हवा तर तरफ स्क्रूसारखी फिरवायची, एका फेऱ्याला मिलिमीटरभर. कुणीतरी डोकं चालवलं होतं. त्याला ते मनापासून आवडलं, आणि आवडलं म्हणून तो अधिकच जोरात लागला: चवड्यापासून सुरुवात, शेवटची खाच, खट्, त्यावरचं, शेवटची खाच, खट्. नडगीपर्यंत येईतो घाम आला आणि वरची दोन त्याने जमतील तशी लावली. “पापा, नाईन, असं नाही,” शमिका म्हणाली. आणि जर्मनमध्येच, एका दमात, तिने सांगितलं की तू उलटं करतोयस, वरून सुरू करायचं असतं, आधी टाच मागे बसवायची, गुडघा पुढे टाकायचा, नडगी बुटाला टेकली की वरची दोन घट्ट. खालची फक्त मिटलेली हवीत, खडखडू नयेत एवढीच, नाहीतर पायातलं रक्त थांबतं. “आणि मोजे किती घातलेस? दोन?” तिच्या आवाजात ओरडा नव्हता. ती समजावत होती, क्लबातल्या लहान मुलांना समजावते तशी. “मला बोल्ट कळतात,” तो मराठीत म्हणाला. “पाय बोल्ट नाही,” ती जर्मनमध्ये म्हणाली, आणि त्याच्यासमोर ओल्या रबरी जमिनीवर गुडघे टेकून बसली.

ती वाकली, हेल्मेट त्याच्या गुडघ्यांपर्यंत आलं, हात त्याच्या पायांशी. आणि पद्माकरचा उजवा हात उठून त्या हेल्मेटवर गेला. त्याने तो उचलला नव्हता, तो गेला. नवव्या वाढदिवसाला विभावरीने तिला सांगितलं होतं, बाबांच्या पाया पड, आणि केकवरची मेणबत्ती पेटायच्या आत, पाहुण्यांसमोर, ती म्हणाली होती, पायांनाच का? पायांनी काय केलंय? सगळे हसले होते. तेव्हा हात असाच अर्ध्यावर उठला होता आणि त्याने तो केस सारखे करण्यात जिरवला होता. चार वर्षं तो हात जणू वाट बघत होता. “पापा, नको ना,” शमिका डोकं झटकून म्हणाली, वर न बघता. हेल्मेट दाबलं की गॉगल डोळ्यांवर येत होता, एवढंच. शेजारच्या बाकावरच्या एका आजोबांनी त्याच्याकडे बघून समजूतदारपणे मान हलवली. हल्लीची मुलं, अशी. पद्माकरला त्या आजोबांचा राग आला, मग तिचा आला, मग त्या बोटांचा आला, जी त्याची बकलं एकेक उघडत होती, टाच मागे ठोकत होती, “गुडघा पुढे, अजून पुढे” म्हणत होती आणि कुठेही अडखळत नव्हती. लोकरीचे मोजे काढायला मात्र त्याने दिले नाहीत. “थंडी आहे,” तो म्हणाला. विभावरी कॉफीचा पेला हातात घेऊन खिडकीशी उभी होती. “मी खाली टेरेसवर आहे,” ती म्हणाली. “दोघं या.”

लिफ्टच्या खुर्चीत पाय हवेत लोंबत होते, खाली पाईनचे शेंडे. शमिकाने स्वतःची वरची बकलं वर जाईपर्यंत सैल केली आणि त्यालाही खूण केली. त्याने न दिसल्यासारखं केलं. वर उतरल्याबरोबर तिला क्लबातली दोन मुलं भेटली. त्यांच्यात ती जे बोलू लागली ते पद्माकरच्या जर्मनला झेपणारं जर्मन नव्हतं. शब्दांची टोकं गिळलेली, मध्येच सगळे एकदम हसायचे. चौदा वर्षं या देशात काढून, परीक्षा देऊन, मीटिंगा चालवून, तो तिथे काठ्या धरून उभा होता आणि त्याच्या मुलीचं हसणं त्याला परभाषेत ऐकू येत होतं. बूट पायात हलतोय असं त्याला वाटलं. हलत नव्हता, श्वास घेता येण्याइतकी जागा होती, तिने ठेवलेली. पण जागा म्हटली की त्याला ढिलाई दिसायची. पोरं तिकडे हसत होती. तो वाकला, ग्लोव्ह दातांत धरला आणि खालची दोन बकलं, आधी डाव्या बुटाची मग उजव्या, शेवटच्या खाचेत बसवून खट्खट् मिटली. शिवाय त्यांच्या तरफांना दोन दोन फेरेही दिले. एकदम बरं वाटलं. आपलं काहीतरी आपल्या हातात आल्यासारखं.

पहिल्या वळणापर्यंत ते बरं वाटणं टिकलं. दुसऱ्याला चवड्यांना मुंग्या आल्या, आणि तिसऱ्याला चवडे नव्हतेच. खाली बर्फ, वर नडगी, मध्ये कुणीतरी दोन लाकडी ठोकळे बसवलेले. तो पाय वळवायचा आणि स्की आपल्या मनाने सरळ जायची. तळव्यातून अशी एक कळ उठली की डोळ्यांपुढे पांढऱ्यावर पांढरं झालं. तो बसला, बसला म्हणजे पडला, पण हळू. पाच-सहा वर्षांची पोरं एका ओळीत, पिल्लांसारखी, त्याच्या बाजूने गेली. आणि त्या क्षणी, बर्फात बसून, पद्माकरने एक गोष्ट मनापासून इच्छिली: तिने निघून जावं. ती पुढे गेलेली असावी, वळणापलीकडे, दिसेनाशी. मग सगळं त्याने सांगितल्याप्रमाणे झालं असतं. पण शमिका वीस मीटर खाली थांबली होती. स्की आडव्या टेकवत, एकेक पायरी चढल्यासारखी, ती परत वर येत होती.

तिने बकलांकडे पाहिलं. “तू पुन्हा बंद केलीस,” ती म्हणाली. एवढंच. त्याला वाटलं आता ओरडेल, आणि त्यासाठी त्याच्याकडे उत्तर तयार होतं, तीन उत्तरं तयार होती. ती ओरडली नाही. तिने त्याला कडेच्या जाळीपाशी नेलं, स्की काढल्या, बूट उघडला, ओढून काढला, लोकरीचा मोजा काढला, मग सुतीही काढला. त्याचं पाऊल पांढरंफटक होतं, बोटांवर तारेच्या वळ्या उमटल्यासारखे वळ. तिने जॅकेटची चेन उघडली आणि ते पाऊल दोन्ही हातांत धरून पोटाशी, स्वेटरवर, दाबून धरलं. मग दुसरं. लोक जात होते, वळून बघत होते, तिला त्याचं काही नव्हतं. त्याला ऊब लागेना, मग लागली, मग इतकं दुखायला लागलं की त्याने ओठ चावला. “दुखलं म्हणजे चांगलं,” ती म्हणाली, “रक्त येतंय.” तिचा चेहरा अगदी जवळ होता. नाकावर क्रीमचा पांढरा पट्टा, भुवईत बर्फाचा कण. ती तापाने फणफणली होती तेव्हा, दोन वर्षांची असताना, त्याने रात्रभर तिचे तळवे असेच धरले होते, आणि ते तिला आठवणं शक्य नव्हतं. म्हणजे हे तिने परतफेड म्हणून केलेलं नव्हतं. उद्या दुसऱ्या कुणाचाही पाय गारठला असता, त्या बाकावरच्या आजोबांचा, तरी तिने असाच पोटाशी धरला असता. हे त्याच्या लक्षात आलं. आभार मानावेत इतकं सोपं ते नव्हतं.

मग एकच मोजा. टाच मागे. गुडघा पुढे. वरची दोन घट्ट, तरफेला अर्धा फेरा, “आता?”, अजून अर्धा, “आता?” “ठीक,” तो म्हणाला. खालची नुसती मिटली. बूट मोठाच होता, त्याला इलाज नाही, पण नडगीशी धरलाय, ती म्हणाली, आता पायाने नाही, नडगीने वळव. आणि ती त्याच्यासमोर, त्याच्याकडे तोंड करून उभी राहिली, त्याच्या काठ्यांची टोकं हातात घेतली आणि उलटी, पाठीमागच्या उताराकडे न बघता, सरकू लागली. चाळीस मिनिटं. डावीकडे, हां, डावीकडे, छान, आता उजवीकडे. चाळीस मिनिटं ती त्याच्याकडे बघत होती. गेल्या तीन वर्षांत मिळून तिने त्याच्याकडे एवढं पाहिलं नसेल. दोन वेळा तो तिच्या अंगावर आला आणि दोन्ही वेळा तिने त्याला खांद्याने अडवलं, तोल न सोडता, तक्रार न करता.

शेवटचा उतार रुंद होता, सौम्य, उन्हात. तिने काठ्या सोडल्या. “एकटा ये,” ती म्हणाली आणि बाजूला झाली, तरी हाताच्या अंतरावर. आणि पद्माकर गेला. नडगी बुटाला टेकली, टेकली तशी स्की वळली. त्याने काही केलं नाही, फक्त टेकला, आणि सगळा डोंगर आज्ञाधारकपणे एका बाजूला कलला. पुन्हा टेकला, दुसऱ्या बाजूला. बोटं बुटात मोकळी हलत होती. सहा वळणं. त्याने मोजली. सहाव्या वळणाला त्याच्या तोंडातून एक आवाज निघाला, हसण्याचा, जो त्याने स्वतः ओळखला नाही. शमिका बाजूने ओरडली, “पापा! पापा, जा!” आणि तिचा चेहरा उजळला होता, त्याच्यासाठी, खरोखर त्याच्यासाठी. मग उतार संपला, बर्फ सपाट झालं, तो थांबला, आणि त्याला कळलं की ती त्या शाळेत कशासाठी जायचं म्हणतेय. तीन आठवडे त्याने फॉर्ममध्ये जे शोधलं होतं, वाईट संगत, खोटा मान, मैत्रिणींची बरोबरी, त्यातलं काहीच नव्हतं. हे होतं. रोज सकाळी हे. त्यात त्याचा काही भाग नव्हता, लागत नव्हता. जी मुलगी त्याला असं खाली आणू शकते तिला खाली आणायला कुणी नको होतं. अभिमान वाटायला हवा होता. छातीत जे दाटलं ते काय आहे हे त्याने काळजीपूर्वक तपासलं, आणि तो अभिमान नव्हता.

विभावरी टेरेसवर लाकडी टेबलाशी बसली होती. समोर फॉर्म, त्यावर वारा लागू नये म्हणून मोहरीच्या सॉसची बाटली. शमिका स्की लावायला स्टँडकडे गेली होती, दहा पावलांवर. “आलात!” विभावरी उठली. तिचे डोळे चमकत होते. “किती वेळ लावला रे! मी तर दोन स्ट्रूडेल खाल्ले. कसं झालं? आणलं ना तिने?”

“मला तिसऱ्या वळणावर सोडून गेली,” पद्माकर म्हणाला.

वाक्य इतकं गुळगुळीत निघालं की ते आधीपासून तयार असणार. “क्लबातली पोरं भेटली तिला. मी पडलो. पाय गारठले. तासभर बर्फात बसून, मग कसाबसा एकटा आलो. इथे खाली भेटली मला.”

विभावरीने त्याच्याकडे पाहिलं, मग मुलीकडे. “शमिका?”

शमिका वळली. तिला मराठी शब्दन् शब्द कळत होता, नेहमीच कळत होता. तिने बापाकडे पाहिलं. त्यात विनवणी नव्हती, आश्चर्यही फारसं नव्हतं. बोट ठेवून पाणी किती गरम आहे बघावं तसं काहीतरी होतं. पद्माकरने नजर हलवली नाही. आता ती ओरडेल, रडेल, आईला खिशातले लोकरीचे मोजे दाखवेल, आणि मग त्याच्या शब्दाविरुद्ध तिचा शब्द, आणि त्यात विभावरी काय करते ते बघता येईल. त्याची तयारी होती.

“श्टिम्ट,” शमिका म्हणाली. खरंय.

“खरंय म्हणजे?” विभावरीचा आवाज चढला. “अगं, मी काय सांगितलं होतं तुला? एकच गोष्ट सांगितली होती!”

“खरंय, ममा. मी सोडलं त्याला,” ती म्हणाली, आणि हे तिने मराठीत म्हटलं.

विभावरी बसली. मग तिने पर्समधून फोन काढला आणि शाळेला मेल लिहायला घेतली. ती जर्मन हळू लिहायची, ओठ हलवत, एकेक शब्द तपासत. नम्र नकाराला पुष्कळ शब्द लागतात. पद्माकर तिच्या अंगठ्याकडे बघत होता. पहिलं वाक्य झालं. तो बोलू शकला असता. दुसरं झालं. शमिका हातमोजे घालत उभी होती, जायची घाई नसल्यासारखी, त्याच्याकडे बघत, आणि त्याला समजलं की ती त्यालाच वेळ देतेय, वरच्यासारखाच, हाताच्या अंतरावरून. अंगठा थांबला. “बघ एकदा, बरोबर आहे का,” विभावरीने फोन त्याच्यापुढे धरला. त्याने वाचलं. एका ठिकाणी स्वल्पविराम राहिला होता. “इथे,” तो म्हणाला. तिने तो घातला, आणि मेल गेली.

शमिकाने स्की खांद्यावर टाकल्या आणि ती लिफ्टच्या रांगेकडे चालू लागली. विभावरीने फॉर्मची चौकोनी घडी केली, आणखी एक घडी केली. “पोरीला हवं होतं रे खूप,” ती म्हणाली. “पण बरं झालं आत्ताच कळलं. तू बरोबर होतास.”

“मी सांगतच होतो,” पद्माकर म्हणाला.